जिन्यात अडकलेली शान

मित्रांनो, मी एक जुना राजेशाही सोफा आहे. माझ्याइतके राजे आणि माझ्याइतक्या राण्या जगातल्या कोणत्याही सिंहासनाने पाहिल्या नसतील. साम्राज्ये बुडाली, मुकुट वितळले, पण माझ्यावर प्रत्येक हंगामात नवा राजा बसतच राहिला. फक्त हॉलवाल्याने दिवे मालवायला सुरुवात केली, की त्या राजाला उठावे लागे आणि भाड्याचा कोट परत करावा लागे. मीही भाड्याचाच असल्यामुळे आमचे चांगले जमत असे.

जन्माने मी राजघराण्यातला नाही. काचेची तावदाने ज्या खोक्यांतून येतात, त्या खोक्यांच्या फळ्यांपासून एका सुतारकाकांनी मला बनवले. माझ्या पाठीच्या आतल्या फळीवर अजूनही ‘काच आहे, सांभाळून’ असे छापलेले आहे. एवढा मोलाचा उपदेश, पण तोंड आतल्या बाजूला. वरून स्पंज, स्पंजावर लाल मखमल आणि हातांवर सोनेरी रंग. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण ज्याने केली, त्याने आधी मला उलटा करून पाहिले असावे.

मखमल शिवायला शिंपीणबाई आल्या होत्या. त्यांची लहान मुलगी टाचण्यांचा डबा घेऊन शेजारी बसली होती.

“आई, यावर कोण बसणार?”

“नवरी.”

“मग मी पण यावरच बसणार.”

“बस हो. आधी तोंडातली टाचणी काढ.”

आमचे मालक लग्नांची सजावट करत. पडदे, दिवे, खुर्च्या, फुले, स्टेज आणि स्टेजच्या मधोमध मी. फुले आणि फोन मालकीणबाई सांभाळत, बाकी सगळे मालक. त्यांची एक खास पद्धत होती. त्यांनी आयुष्यात कधी मोजपट्टी हातात धरली नाही. ते सगळे काही माणसांत मोजत. हॉल पाचशे माणसांचा, स्टेज दहा नातेवाइकांचे, गालिचा वीस जोडी चपलांचा. कुणी फूट-इंच विचारले, तर म्हणत, “लग्नाला काय फूट येतात का? माणसंच येतात ना?” आणि आश्चर्य म्हणजे त्यांचा अंदाज कधी चुकत नसे.

ती माझी भरभराटीची वर्षे. मुले माझ्यावर उड्या मारत. आग्रह न करताच बसणाऱ्या आत्याबाई माझ्यावर बसून फोटो काढून घेत आणि उठताना हात द्यायला दोन भाचे लागत. माझ्या फटींत केसांच्या पिना, कोटाची बटणे आणि अर्धवट चोखलेल्या गोळ्या साठत. एक गोष्ट मात्र फक्त मलाच कळायची. फोटोत छाती काढून हसणाऱ्या नवऱ्याचे गुडघे किती थरथरत असतात, ते फोटोवाल्याला दिसत नाही, सोफ्याला कळते. मी हे आजवर कुणाला सांगितलेले नाही.

मालक पाहुण्यांना अभिमानाने म्हणत, “हा सोफा कधी कुणाच्या घरात गेला नाही. त्याला हॉलच लागतो.” मीही ते ऐकून फुगत असे. स्पंज असल्यामुळे ते मला सोपे जाई.

मग मंदी आली. ती दिसायला कशी असते ते मी सांगू शकणार नाही, कारण ती आली तेव्हा माझ्या अंगावर चादर टाकलेली होती. कारखाने बंद पडले, दुकानांच्या पाट्या उतरल्या, एवढे कानावर आले. माणसे लग्न करायची मात्र थांबली नाहीत. हा मानवजातीचा जुना आजार आहे आणि त्यावर मंदीचाही इलाज चालत नाही. पण आता ती घरातल्या घरात, थोडक्यात उरकू लागली. पाचशे माणसांचा हॉल कुणालाच नको होता, आणि हॉल नको म्हणजे मीही नको.

गोदामात माझ्यावर धूळ बसली. ती भाडे देत नसे, पण उठतही नसे. एका मांजरीने माझ्याखाली संसार थाटला. दुपारी मालक येत, चादर जराशी बाजूला करून माझ्यावर बसत आणि भिंतीकडे बघत राहत. त्यांचेही गुडघे थरथरत.

एक दिवस जुने फर्निचर घेणारे गृहस्थ आले. त्यांनी माझ्या पाठीवर टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, “मखमल घेतो. लाकूड जळणाला जाईल.” मालकांनी महिनाअखेरीला सांगतो म्हटले. गोदामही तेव्हाच रिकामे करायचे होते. मित्रांनो, कुणी आपल्याला सरपण म्हटले की मखमल अंगाला टोचू लागते.

त्याच दिवशी मालकीणबाई गोदामात आल्या.

“अहो, ऐकताय ना?”

“ऐकतोय. कान अजून विकायला काढलेले नाहीत.”

“शिंपीणबाईंच्या मुलीचं लग्न ठरलंय. घरातच करतायत, पुढच्या खोलीत. पंचवीस-तीस माणसं असतील.”

“तीस माणसं? तेवढी तर आपल्याकडे टेबलांवर चादरी अंथरायला असायची!”

“असायची.”

“मी आता लोकांच्या पुढच्या खोल्या सजवत फिरू? लोक काय म्हणतील?”

“लोक काहीच म्हणत नाहीयेत, तीच तर अडचण आहे. कित्येक दिवसांत फोन वाजलेला नाही.”

मालक माझ्या एका टोकाला टेकले. मालकीणबाई माझ्या दुसऱ्या टोकाला बसल्या. “एकच करून बघू. नाही जमलं तर द्या सगळं त्या टकटकवाल्याला. मी एका शब्दानं अडवणार नाही. पण त्या मुलीला हाच सोफा हवाय. लहानपणापासून सांगतेय म्हणे.”

“घर कितव्या मजल्यावर?”

“तिसऱ्या.”

“दार कसं आहे?”

“दोन माणसं खेटून आत जातात.”

“मग झालं की!” मालक म्हणाले. “सोफा दोघांचा, दार दोघांचं. जाणारच.”

लग्नाच्या आदल्या दिवशी मी दारापर्यंत पोहोचलोच नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा एक हात कठड्यात आणि दुसरा भिंतीत रुतला. वर जाईना, खाली येईना. मालकांच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. दोन माणसे दारातून जाताना खेटतात, पोटे आत घेतात, एकमेकांना “आधी तुम्ही” म्हणतात. यातले मला काहीच येत नाही.

जिना बंद झाला. वरचे वर, खालचे खाली. एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि शांतपणे माझ्यावर बसले. “बसायची सोय छान केलीत. इथं दम लागतोच.”

“आजोबा, तो लग्नाचा सोफा आहे!” मालक कळवळून म्हणाले.

“मग ‘ही’ला पण बोलावतो. आमच्या लग्नात खुर्च्या नव्हत्या.”

शिंपीणबाई वरून कठड्यावर वाकल्या. त्यांच्या मागे ती मुलगी उभी होती, आता चांगली उंच. ती फक्त माझ्या मखमलीकडे बघत होती. ज्यांना फार वाटते, ती माणसे जिन्यात बोलत नाहीत.

सुतारकाकांना बोलावले. तेही म्हातारे झाले होते. मला बघून म्हणाले, “अरे, हा अजून आहे?” मग दाढी खाजवत म्हणाले, “परत न्यायचा असेल तर हात मोडून ओढावा लागेल. वर न्यायचा असेल तर मधोमध कापावा लागेल.”

“कापायचा?” मालक ओरडले. “माझी शान आहे ती!”

मालकीणबाई खालच्या पायरीवरून म्हणाल्या, “शान जिन्यात अडकलीय. लोकांना घरी जायचंय.”

आजोबा हसले नाहीत, म्हणजे गोष्ट गंभीर होती. मालकांनी माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला. हॉलमधून निघताना फिरवायचे, तसाच. मग त्यांनी सुतारकाकांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि माझ्या मधोमध स्वतःच रेघ ओढली. रेघ थोडी वाकडीच आली.

मंदीत सगळीकडे खर्च कापतात, मित्रांनो. आमच्याकडे मला कापले. शिंपीणबाईंनी पायरीवर बसून आपलीच शिवण उसवली. मखमल निघाली आणि आतला उपदेश इतक्या वर्षांनी उजेडात आला. करवत बरोबर त्याच्या मधून गेली. नवरीच्या बाजूला ‘काच आहे’ आणि नवऱ्याच्या बाजूला ‘सांभाळून’. दुखले का, असे मुले विचारतात. करवतीपेक्षा कापण्याआधीची ती पेन्सिलची रेघ जास्त दुखली.

दोन्ही तुकडे भुर्रकन वर गेले. पण एक अडचण होती. माझे पाय चार, चारही बाहेरच्या कोपऱ्यांना. कापल्यावर मधल्या बाजूला आधारच उरला नाही. सुतारकाकांच्या पिशवीत दोनच पायांपुरते लाकूड निघाले. ते त्यांनी नवरीच्या अर्ध्याला लावले आणि त्या अर्ध्याच्या खालून एक फळी बाहेर काढून नवऱ्याचे अर्धे त्या फळीवर टेकवले. “उद्यापुरतं चालेल,” ते म्हणाले. कुणीतरी बसून पाहायला हवे होते. मालक आणि मालकीणबाई दोघेही एकदमच बसले. मी हललोसुद्धा नाही. सगळे खूश.

लग्न छान चालले होते. खोली लहान असल्यामुळे फुले जास्त वाटत होती. मागच्या रांगेतल्या माणसालाही नवरीचे डोळे दिसत होते. पाचशेंच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेलाही ते दिसत नसत. मला जरा लाजच वाटली. इतकी वर्षे आपण कुणाला इतके दूर बसवत होतो?

एवढ्यात शिंपीणबाईंना भरून आले. त्यांनी पदर डोळ्यांना लावला मात्र, नवरी चटकन उठून त्यांच्याकडे धावली. तिचे वजन माझ्यावरून गेले, ती फळी कलली आणि माझे दुसरे अर्धे आतल्या बाजूला धपकन बसले. नवरा दिसेनासा झाला. फक्त बूट तेवढे वर राहिले.

सगळ्यांनी आधी बुटांकडे पाहिले, मग मालकांकडे. मालकांच्या चेहऱ्यावर मला गोदामाचे रिकामे दार दिसले. तो टकटकवाला दिसला. माझे सरपण झालेले दिसले.

नवरीने आईला सोडले, नवऱ्याला हात देऊन बाहेर काढले, आपल्या अर्ध्यावर आधी स्वतः नीट बसली आणि मग त्याला शेजारी बसवले. “लागलं का?”

“नाही,” तो धूळ झटकत म्हणाला. “पण पुढच्या वेळी उठताना सांग.”

“सांगते. चल, आता सांगून उठते. उठू?”

“थांब, थांब! आधी मला उठू दे!”

मागून आजोबांचा आवाज आला, “आमचं इतकी वर्षं असंच चाललंय. तेही सोफा नसताना!”

“अहो, तुम्ही गप्प बसा,” आजी म्हणाल्या, आणि खोली हसून कोसळली. शिंपीणबाई तर पदरात तोंड घालून इतक्या हसल्या, की रडायचे राहून गेले. मग प्रत्येक जोडप्याला माझ्यावर बसायचे होते. आजी-आजोबा पहिले. आजी मुद्दाम अर्ध्याच उठल्या, आजोबांनी दोन्ही हातांनी मला गच्च धरले. इतकी वर्षे लोक माझ्यावर फोटोपुरते बसत. त्या दिवशी पहिल्यांदा बसणारी माणसे एकमेकांकडे बघत बसली.

मालक कोपऱ्यात उभे राहून पाहत होते. मालकीणबाईंना हळूच म्हणाले, “खोली किती माणसांची आहे ग?”

“तीस.”

“पुरे आहेत की.”

त्यानंतर फोन वाजू लागला. फार नाही, पण वाजू लागला. “तो नवरा पाडणारा सोफा तुमच्याकडेच आहे ना?” असे लोक विचारत. मालकांनी रीतसर पाय लावून घेतो म्हटले, तर लोक म्हणत, “पाय लावणार असाल तर राहू द्या.” गोदाम सुटले, हॉलचे अवजड पडदे गेले. आता मालक घरांतली, गच्च्यांतली, अंगणांतली लग्ने सजवतात. पूर्वीइतका थाट नाही, पण घर चालते. धंद्यातल्या दुसऱ्या कुणाचे काम मंदावले असेल तर मालकीणबाई त्यांच्याकडूनच खुर्च्या घेतात; तेवढाच त्यांच्याकडेही फोन वाजतो. मालक मोजपट्टी अजून धरत नाहीत. मात्र जिना चढून बघून येतात, पोट आत न घेता.

मी आता त्यांच्याच पुढच्या खोलीत राहतो. माझे सोनेरी हात काळवंडले आहेत. नवरीकडची मखमल नवऱ्याकडच्या मखमलीपेक्षा जास्त विटली आहे. का ते विचारू नका. संध्याकाळी दोघे माझ्यावर चहा घेत बसतात. परवा मालकीणबाई एकदम उठल्या आणि मालक चहासकट खाली गेले.

“अग, सांगून उठत जा!”

“फोन वाजतोय!”

“मग असू दे,” मालक खालून म्हणाले.

मित्रांनो, माझ्या या दोन तुकड्यांच्या आयुष्यातून तुम्ही पुष्कळ काही शिकू शकाल. वाईट दिवसांत लहान होण्याची लाज धरू नये. जी शान दारातून आत येत नाही, तिने दाराला नावे ठेवू नयेत. जुन्या वस्तू टाकून देण्याआधी त्यांच्या पोटात काय लिहिले आहे ते एकदा वाचावे. आणि आपण उठलो की कोण पडणार आहे, याचे भान माणसाने जन्मभर बाळगावे.

पण एवढे सगळे लक्षात राहणार नसेल तर राहू द्या. गोदामातली ती मांजर आमच्याबरोबर इकडेच आली आहे आणि दुपारी नवऱ्याच्या बाजूखाली झोपते. उठायच्या आधी तेवढे वाकून बघा.