उघडी तबकडी

पडद्यावरचा म्हातारा खोकला आणि समोर बसलेल्या त्याच्या दोन्ही मुली हुंदके देऊन रडू लागल्या. म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण खोकला अगदी त्याचाच. हॉलमध्ये कुजबुज उठली, मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले, आणि जांभळ्या मखमलीखाली झाकलेल्या यंत्राशेजारी उभे असलेले महाराज डोळे मिटून म्हणाले, "आले. बोलावलं की येतात ते. मी फक्त दार उघडतो."

भक्त त्यांना महाराज म्हणत. बाकीचे लोक तबकडीबुवा म्हणत, पण इकडेतिकडे बघून. त्यांची पद्धत ठरलेली होती. घरात कुठली तरी जुनी व्हिडिओ कॅसेट पडलेली असायची, लग्नाची नाहीतर सहलीची, आणि ती लावायचं यंत्र केव्हाच भंगारात गेलेलं असायचं. ती कॅसेट महाराजांच्या शिष्याकडे द्यायची. शिष्य मोठ्या आपुलकीने विचारपूस करायचा: घरात कोण कोण, काय करतात, कोणाचं कोणाशी पटत नाही. मग महाराज 'आवाहन' करायचे आणि गेलेलं माणूस चकचकीत तबकडीत येऊन बसायचं. कॅसेटवरचं चित्र डिस्कवर उतरवून देण्याचं काम पूर्वी कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओवालाही करत असे. तो बिचारा डोळे उघडे ठेवून करायचा, म्हणून त्याच्या कोणी पाया पडलं नाही.

खरी मेख पुढे होती. तबकडी महाराजांच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर हमखास लागायची. घरी नेल्यावर मात्र कोणाच्या घरी लागायची, कोणाच्या नाही. लागली तर घर शुद्ध. नाही लागली तर गेलेल्या माणसाला त्या घरात पाऊल टाकायचं नाही, कारण तिथे कोणीतरी दोषी आहे. दोषी कोण, ते अर्थातच महाराज सांगायचे.

त्या दिवशी दुसऱ्या रांगेत फौजदारकाकू बसल्या होत्या. पोलिसांशी त्यांचा संबंध नव्हता, हे नाव गल्लीने त्यांना त्यांच्या स्वभावावरून दिलेलं. रद्दीवाल्याचा काटा रिकामा असताना शून्यावर उभा राहतो का हे पाहिल्याशिवाय त्या एक कागद देत नसत. कुलूप लावल्यावर जिना उतरून जात आणि ते ओढून बघायला पुन्हा वर येत. घरातला मिठाचा डबा जागचा हलला तरी त्यांना त्यात सुनेचा काहीतरी डाव दिसे. अशी ही बाई तबकडीबुवासमोर मात्र हात जोडून बसली होती. कारण उघड होतं. काका गेल्यापासून घर त्यांना खायला उठत होतं, आणि त्या हॉलमध्ये, त्या पडद्यावर, काका समुद्रकाठी उभे राहून हसले होते. ते हसू घरी आणायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

घरी आणलेली तबकडी काही केल्या लागेना. प्लेअर थोडा वेळ घरघरायचा आणि पडद्यावर अक्षरं यायची: नो डिस्क.

महाराजांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. "तुमच्या घरात सून आहे. तिचे हात यंत्रांवर चालतात. यंत्राला यंत्राचा वास लागतो, माई, आत्म्याला तो सोसत नाही. या तबकडीला तिचा हात लागता कामा नये. तिची नजरही नको. काही दिवस तिला माहेरी पाठवा."

सून एका स्कॅन सेंटरमध्ये तंत्रज्ञ होती. महाराजांना हे न सांगता कसं कळलं, याचं काकूंना केवढं अप्रूप वाटलं. शिष्याला आपणच सगळं सांगून बसलो होतो, हे त्या साफ विसरल्या होत्या.

"आई, मला एकदा बघू द्या ती डिस्क," सून म्हणाली.

"हात लावायचा नाही."

"बरं, नाही लावत. पण प्लेअर म्हणतोय तरी काय?"

"म्हणतो डिस्क नाही. आत आहे, तरी म्हणतो नाही. यालाच दोष म्हणतात."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. दोघींचं वाजलं की तो वर्तमानपत्रात तोंड घालत असे, तसंच त्याने आताही घातलं. महाराजांनी सांगितल्याप्रमाणे काकूंनी सुनेला काही दिवस माहेरी जायला सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आईचं मन जरा शांत होऊ दे, मग बघू."

"तुझं शांत बसणं पाहिलं मी," सून म्हणाली. तिने बॅग भरली आणि गेली.

आता काकूंना पुरावा हवा होता. दोष सुनेचाच आहे हे त्यांच्या मनाने घेतलं होतं, पण नुसतं मनाने घेतलेलं त्यांना कधी पुरत नसे. सून घरात नाही, तेव्हा तबकडी लागली पाहिजे. लागली की मुलासमोर ठेवायची आणि म्हणायचं, बघ. त्यांनी तबकडी प्लेअरमध्ये घातली. नो डिस्क.

त्या तडक महाराजांकडे गेल्या. महाराजांनी सुस्कारा सोडला. "माणूस गेलं तरी सावली मागे राहते, माई. तिचं सोनं घरात असेल ते आणून इथे ठेवा. मी शुद्धीकरण करतो. आणि तिला आता कायमचं दूरच राहू द्या."

परतीच्या वाटेवर काकूंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आधी माणूस, आता सावली. उद्या काय, तिची चप्पल? भाव विचारला की दुकानदार दुसऱ्याच मालाकडे बोट दाखवतो, तसलं काहीतरी त्यांना यात जाणवलं. तरी सुनेवरचा राग गेलेला नव्हता. त्यांनी ठरवलं, एकदा सगळीकडून तपासायचं, म्हणजे सुनेला तोंड उघडायला जागाच राहणार नाही.

त्या तबकडी घेऊन शेजारणीकडे गेल्या. शेजारणीकडे तिच्या वारलेल्या आईची, महाराजांनीच करून दिलेली तबकडी होती आणि ती रोज छान लागायची. त्याच यंत्रात काकूंनी काकांची घातली. नो डिस्क.

"म्हणजे माझ्या घरात दोष आहे म्हणायचा?" शेजारीण फणकारली.

"तुझ्याकडे सून कुठे आहे?"

"मला मूलच नाही, काकू. सून काय दुकानातून आणू?"

"गप गं. तुझ्या आईला जरा माझ्याकडे पाठव."

शेजारणीच्या आईची तबकडी काकूंच्या घरी, काकूंच्या प्लेअरमध्ये गेली आणि क्षणात म्हातारी पडद्यावर येऊन मुलीला नीट बस म्हणून दटावायला लागली. दोषी घर, सावलीचं घर, पण म्हातारीला त्याचं काही नव्हतं. काकू खुर्चीत बसल्या आणि एकेक गोष्ट पारखायला लागल्या. त्यांचा प्लेअर ठीक होता. त्यांचं घरही ठीक होतं. काका निर्दोष शेजारणीकडेही आले नव्हते. म्हणजे जे काही होतं ते त्या एका तबकडीत होतं, आणि ती तबकडी फक्त महाराजांच्या यंत्रात लागत होती. सुनेला पकडायला टाकलेल्या जाळ्यात सून कुठेच नव्हती. काकूंना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना राग येत असे, तसा तो आला. या वेळी तो योग्य माणसावर आला.

दुसऱ्या दिवशी त्या स्कॅन सेंटरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत जाऊन बसल्या. सून बाहेर आली, त्यांना पाहून थबकली. काकूंनी पाकीट पुढे केलं. "हात लाव याला. आणि मला सांग काय आहे ते."

सुनेने तबकडी कॉम्प्युटरमध्ये घातली, थोडा वेळ पडद्यावर काहीबाही वाचलं आणि म्हणाली, "चित्र आहे यात. सगळं आहे. पण डिस्क बंद केलेली नाही."

"म्हणजे?"

"आई, रेकॉर्डरवर डिस्क भरली की शेवटी ती बंद करावी लागते. फायनलाइझ म्हणतात. तेव्हा कुठे काय आहे याची यादी तिच्यावर लिहिली जाते. पुस्तक छापलं पण अनुक्रमणिकाच लावली नाही, असं समजा. ज्या यंत्राने भरली त्याला ठाऊक असतं कुठे काय आहे, म्हणून तिथे ती लागते. घरचा प्लेअर यादी शोधतो, ती मिळत नाही, मग म्हणतो डिस्क नाही. आमच्या इथल्या डिस्कसुद्धा डॉक्टरांकडून परत यायच्या, उघडत नाही म्हणून. कोणीतरी बंद करायला विसरलेलं असायचं."

"हा माणूस विसरणारा नाही," काकू म्हणाल्या. "आधी का नाही सांगितलंस?"

"हात लावू दिलात?"

काकूंनी तबकडी पुन्हा पाकिटात सरकवली.

पुढच्या बैठकीला हॉल गच्च भरला होता. महाराज 'येतात, येतात' करत होते तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे मुलगा होता, हातात घरचा प्लेअर घेऊन. गेल्या कित्येक दिवसांत वर्तमानपत्राखेरीज त्याने हातात काही धरलं ते हेच. सून दाराशी उभी होती.

"महाराज, माझी तबकडी या प्लेअरवर लावून दाखवा. हॉल तुमचा, तुम्ही समोर. इथे तर माझ्या घरचा दोष नाही ना?"

"यंत्र घरचं आहे, माई. दोष त्याला चिकटून आला."

"याच यंत्रात परवा शेजारणीची आई येऊन गेली. विचारा तिला."

शेजारीण मागून म्हणाली, "आली की. काकूंच्या घरात माझ्यावर ओरडली पण."

हॉलमध्ये हशा पिकला. लोक हसल्यावर महाराजांना नाही म्हणता येईना. मुलाने प्लेअर जोडला, तबकडी घातली. पडद्यावर, महाराजांच्या डोक्याच्या वर, मोठी अक्षरं उमटली: नो डिस्क. सून पुढे आली आणि तिने मखमल बाजूला केली. खाली साधा डीव्हीडी रेकॉर्डर होता, दुकानात मिळतो तसा. तिने तबकडी त्यात घातली, रिमोटने यादी उघडली आणि सगळ्यांना दिसेल अशी पडद्यावर आणली. "इथे लिहिलंय, डिस्क बंद करायची का? मी हो म्हणते. मंत्र म्हणत नाही. सगळ्यांनी बघत राहा." पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. ती भरल्यावर सुनेने तबकडी काढून घरच्या प्लेअरमध्ये घातली. समुद्र दिसला. मग काका दिसले, वाऱ्याने उडणारे केस सावरत हसणारे. काकूंनी एकदाच पाहिलं आणि डोळे पुसले.

"शुद्धीकरण झालं," महाराज घाईने म्हणाले. "माझ्या सान्निध्यात..."

"तुमच्या रिमोटने," सून म्हणाली. "शुद्धीकरण म्हणून तबकडी आत नेता, तेव्हा हेच करता. ज्यांच्याकडून काही काढायचं नसतं त्यांची आधीच बंद करून देता."

पहिल्या रांगेतला एक गृहस्थ चाचरत म्हणाला, "पण आमच्याकडे दोष पुतण्याचा निघाला, तो कसा? तो चांगला मुलगा आहे. टीव्ही दुरुस्त करतो."

"आमच्याकडे थोरलीचा," एक बाई म्हणाली. "शाळेत विज्ञान शिकवते ती."

काकूंनी वळून शिष्याकडे पाहिलं. त्याची ती आपुलकीची चौकशी त्यांना शब्दन्‌शब्द आठवली. 'सून काय करते?' या प्रश्नाला त्यांनी मोठ्या तोऱ्यात उत्तर दिलं होतं: पेशंटना अशाच तबकड्या करून देते. दोष कोणाचा, हे त्याच क्षणी ठरलं होतं. घरात जिला हे कळलं असतं, नेमकी तिलाच घराबाहेर काढायला लावलं होतं, आणि ते काम काकूंनी स्वतःच्या हाताने केलं होतं.

"ऐका सगळ्यांनी," काकू म्हणाल्या. "मी जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला. या माणसावर घेतला नाही, कारण मला हवं होतं ते हा दाखवत होता. तुमच्या घरात ज्याला कळतं, त्याच्यावरच याने बोट ठेवलंय. घरी जाऊन त्यांना विचारा. तबकडी लागत नसेल तर दुसऱ्या यंत्रात लावून बघा, दुसरी तबकडी आपल्या यंत्रात लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे चूक कुठे आहे ते कळतं. माझ्यासारखीला कळलं, तुम्हालाही कळेल. आणि जाणत्या माणसाला विचारू नका, हात लावू देऊ नका, असं जो सांगेल, त्याच्यापाशी एक क्षणही थांबू नका."

कोपऱ्यातली एक बाई उठली. तिच्या हातात तबकडी होती. "म्हणजे माझा मुलगा येत नाही?"

काकू तिच्याजवळ गेल्या. खोटं बोलणं फार सोपं होतं. "नाही गं," त्या म्हणाल्या. "कोणीच येत नाही. हे त्याचं चित्र आहे. ते खरं आहे, तुझं आहे, आणि त्यासाठी कोणाच्या पाया पडायची गरज नाही. दे, माझी सून बंद करून देईल."

सुनेपुढे तबकड्यांची रांग लागली. दुसरी रांग महाराजांपुढे लागली, आपापलं सोनं परत मागणाऱ्यांची, आणि तिच्यातून निसटायला महाराजांना कुठलंच दार उघडता आलं नाही.

सगळं आटोपल्यावर काकू सुनेला म्हणाल्या, "घरी चल."

"येईन. पण एक सांगा. आपला प्लेअरच खरंच खराब असता, शेजारणीची डिस्कही त्यात लागली नसती, तर बोलावलं असतंत मला?"

मुलाने तोंड उघडलं, पण काकूंनी हाताने त्याला थांबवलं.

"नसतं बोलावलं," त्या म्हणाल्या. "तूच दोषी म्हणून बसले असते. चुकलं माझं. फार चुकलं."

सुनेने घरचा प्लेअर उचलून नवऱ्याच्या हातात दिला. "हे खरं बोललात," ती म्हणाली. "म्हणून येते."