भरतीपेक्षा वीतभर उंच

मी दार बोलतोय. घराचं नव्हे, देवळाचं नव्हे, दुकानाचंही नव्हे. मला कडी नाही, कुलूप नाही, आणि 'आहे का कोणी आत?' म्हणत माझ्यावर कुणी थापही मारलेली नाही. मी उघाडीचं दार.

आता उघाडी म्हणजे काय, ते सांगतो. पनवेलच्या खाडीला लागून, जासईच्या वाटेवर आमचा पाडा आहे. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून पाड्याने पूर्वीच मातीचा लांब बांध घातला. त्या बांधात एके ठिकाणी दोन दगडी भिंतींची मोरी आहे, आणि मोरीच्या तोंडाशी, वरच्या तुळईला टांगलेला मी. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी मला आतून ढकलतं, मी उघडतो. भरती आली की खाडी बाहेरून रेटते, मी मिटतो. नोकर नको, चौकीदार नको. ज्याला दार उघडायचं कळतं तो दुकानदार, आणि ज्याला वेळेवर मिटायचं कळतं तो टिकलेला दुकानदार.

माझ्या बोलण्याला व्यापाराचा वास येत असेल, तर तो संगतीचा. मी मूळचा साग. आपटा गावात पाताळगंगेच्या काठावर एका शेठजींची लाकडाची वखार होती, तिथे मी दोन वर्षं पडून होतो. शाळा काही पाहिली नाही. जे शिकलो ते गिऱ्हाइकांच्या घासाघिशीतून. चौपन्न साली आमच्या पाड्याचे भगवानबुवा वखारीत आले. माझ्यावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि विचारलं, "शेट, किती वरसं टिकंल?"

शेठजी म्हणाले, "सदा पाण्यात ठेवाल तर तुम्हाला-मला पोचवून उरेल. सदा कोरडं ठेवाल तरी तसंच. अर्धं ओलं, अर्धं कोरडं ठेवाल तर मला विचारू नका."

"आमच्यात त्याला रोज दोनदा भिजायचं नि दोनदा सुकायचं हाय."

"मग बुवा, इंचभर जाड न्या," शेठजी शांतपणे म्हणाले. गिऱ्हाइकाच्या अडचणीतूनच जास्त जाडीचं लाकूड खपवणारा असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या इंचानेच मला इतकी वर्षं तारलं.

माझी उंची ठरवतानाची गोष्ट तर मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. भगवानबुवांच्या आजाने पाहिलेल्या सर्वांत मोठ्या उधाणाची खूण मोरीच्या दगडावर कोरलेली होती. बुवांनी त्या खुणेवर आपली वीत टेकवली आणि सुताराला म्हणाले, "हितपर्यंत घे. वीतभर जास्त. दरयाला लाज असंल तर येवढ्यावर थांबंल." बांधही तेवढाच उंच केला. त्या वीतभर अंतराच्या भरवशावर सगळा पाडा जेवत होता.

तेव्हा बांधाची देखभाल गावच करायचं. घरटी एक माणूस बांधावर आलाच पाहिजे, अशी रीत. त्या मंडळींना जोळ म्हणत. खेकड्यांनी बिळं पाडली की जोळ ती चिखलाने बुजवायची, माझ्या बिजागऱ्यांना तेल घालायची आणि जाता जाता आपसांत भांडायची. भांडण नसेल त्या दिवशी काम कमी व्हायचं, हेही मी पाहिलं आहे.

पुढे बांध सरकारकडे गेला. गावाने सुस्कारा टाकला. पोरं बंदराकडच्या कामांवर, कंटेनरच्या यार्डात लागली. कुणी बांधाचं नाव काढलं की उत्तर तयार: "आता तो आपला नाय, सरकारचा हाय." जोळ मोडली असं कुणी जाहीर केलं नाही. फक्त एका वर्षी कुणी आलं नाही, आणि दुसऱ्या वर्षी कुणी का आलं नाही असं कुणी विचारलं नाही.

माझ्या अगदी पाठीशी जे शेत आहे, ते भगवानबुवांच्या सुनेचं, गंगाबाईचं. नवरा उरणजवळच्या मोरा बंदरात मासेमारीच्या बोटीवर, महिन्यातले चार दिवस घरी. तेव्हा शेत तिचंच म्हणायचं. घरातल्या पाच तोंडांचं वर्षाचं भात त्याच तुकड्यातून यायचं. ती रोज सकाळी बांधावर येऊन आधी मला न्याहाळायची, मग शेताला.

तिचा धाकटा दीर काशिराम. मोठा गमत्या माणूस आणि जिताड्याचा भक्त. जिताडा हा आमच्याकडचा मानाचा मासा. जावयाला वाढावा असा. त्याची पिल्लं भरतीबरोबर खाडीतून येतात. काशिरामचं तळं बांधाच्या आत, मी मिटलो की पिल्लांची वाट बंद. म्हणून तो पावसाळ्यात माझ्या खालच्या कडेशी एक लाकडी पाचर ठोकायचा. चार बोटं फट राहायची. जरासं खारं पाणी आणि पिल्लं तळ्यात जायची. मग पाचर काढायची, असा त्याचा नेम. म्हणजे आठवण राहिली तर.

गंगाबाई ओरडायची, "भावजी, दाराच्या तोंडात लाकूड कोंबलंस परत?"

"वयनी, पावना येतोय. पावन्याला दार उघडं नको?"

"पावना जेवून जातो. हा आपलं शेत खाऊन जाईल."

"बारा वरसं येतोय, कुनाचं काय खाल्लं? उलट गेल्या शिमग्याला डोकं कुनी मागून नेलं?"

गंगाबाई हसायची. जिताड्याचं डोकं तिनेच मागून नेलेलं असायचं.

आता तिसरा माणूस सांगतो. दीनानाथ. मुंबईच्या कचेरीत नोकरी, नव्या पनवेलात नवं घर. रविवारी सकाळी पेपर काखेत मारून बांधावर फिरायला यायचे. एकदा गंगाबाईला म्हणाले, "गंगाबाई, यात लिहिलंय की धुरामुळे पृथ्वी तापतेय, आणि त्यामुळे समुद्र चढत जाणार आहे."

गंगाबाईने चिखलाचा हात मोरीच्या दगडाकडे केला. "साहेब, आमचा पेपर हा. मी लगीन होऊन आले तवा कालवं त्या खालच्या दगडाला धरायची. आता बगा."

भरती पोचते तिथवरच दगडाला चिकटणारी कालवं आता वरच्या दगडावर होती. दीनानाथ गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ पाहत राहिले, आणि त्या दिवशी त्यांचा पेपर न वाचताच घरी गेला. पुढच्या रविवारी ते पांढऱ्या तेलरंगाचा डबा घेऊन आले. मोठी भरती कुठवर चढली, ते दगडावर रेघ मारून ठेवू लागले. काशिराम म्हणायचा, "साहेब, भिंत रंगवताय तर सगळीच रंगवा, दिवाळी जवळ आली."

मला मात्र रेघांची गरज नव्हती. पाणी माझ्या छातीवरून गळ्यापर्यंत आल्याचं मला अंगानेच कळत होतं. त्यात पृथ्वीच्या तापण्याचा वाटा किती, खाडीत पडलेल्या भरावांचा किती आणि दुर्लक्षाने खचलेल्या बांधाचा किती, ते मी सांगू शकत नाही. गाठोडं कुणी कुणी बांधलं हे हमालाला ठाऊक नसतं. वजन वाढलं एवढं त्याच्या खांद्याला कळतं.

पंच्याण्णवची सर्वपित्री अमावास्या रविवारी आली. अमावास्येची मोठी भरती आमच्याकडे भर दुपारी चढते, आणि पितरांचं पानही दुपारीच ठेवतात. म्हणजे सगळा पाडा घरी, आणि बांधावर मी एकटा. भात नुकतं निसवलं होतं, दाण्यात दूध भरत होतं. नैऋत्येचा वारा सुटला होता. आणि माझ्या तोंडात काशिरामची पाचर तशीच होती.

गंगाबाईने सासऱ्यांच्या नावाचं पान कौलावर ठेवलं. "काव, काव" करून घसा बसला, एक कावळा फिरकेना. पुढचं मला नंतर बांधावर बसून झालेल्या गप्पांतून कळलं. काशिराम म्हणाला, "वयनी, बा रुसला. जिताड्याचा तुकडा ठेव, धावत येईल."

तिने चिडून वर पाहिलं, आणि तिला कावळे दिसले. सगळेच्या सगळे बांधावर, उडत, झेपावत. पाणी बांधावरून उसळत होतं, त्याबरोबर मासे शेतात पडत होते, आणि पाड्यातल्या यच्चयावत कावळ्यांची तिथे पंगत बसली होती.

"भावजी, पाचर!" ती ओरडली आणि धावली.

दोघं पोचली तेव्हा पाणी माझ्या पायाखालून शिरत होतं आणि डोक्यावरूनही. भरतीची रेघ मारायला आलेले दीनानाथ कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून हातांनीच पाचर ओढत होते. काशिरामने पहार घातली, गंगाबाईने तिच्यावर सगळा भार टाकला. पाचर निसटली आणि मी धाडकन मिटलो. काशिरामची बोटं थोडक्यात वाचली. पण डोक्यावरून येणारं पाणी मला मिटून थांबवता येईना. ते ओहोटी लागेपर्यंत येत राहिलं. मी मिटलेलो असूनही शेत बुडालं. दार म्हणून याहून मोठी नामुष्की नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला गाव बांधावर जमलं. दुधात आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं. काशिरामने कुणी विचारायच्या आधीच पाचर सगळ्यांसमोर टाकली. "माजीच हाय. काल काढायची राहिली."

"जिताडं तू खाल्लंस, उपास वयनीला!" एकजण म्हणाला.

काशिरामचा आवाज फाटला. "बारा वरसं मारतोय रे पाचर. बारा वरसं काय झालं नाय!"

सगळ्यांनी गंगाबाईकडे पाहिलं. सर्वांत जास्त नुकसान तिचं; बोलायचा हक्क तिचा. ती पाचर उचलून हातात फिरवत म्हणाली, "त्येच तर सांगतेय. पाचर तीच हाय, दरया तो नाय रायला. खालून आलं ते पानी भावजीचं. मी त्येचे कान धरीन. पन वरून आलं ते कोनाचं?"

दोघंतिघं मागच्या मागे सरकले.

"बांध सरकारचा हाय, सरकार बगंल," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"सरकारचं भात नाय बुडालं. काल बा घरी पानाला आला नाय, तो हितं बांधावर आला. म्हातारा मरून राखनीला येतो, नि तुमाला जित्तेपनी येवत नाय?"

मग दीनानाथांनी आपल्या पांढऱ्या रेघा दाखवल्या. भाषण केलं नाही. फक्त सर्वांत वरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही कालची." ती भगवानबुवांच्या वितीच्या वर होती.

त्या दिवसापासून जोळ पुन्हा सुरू झाली, असं म्हटलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. पहिल्या रविवारी सातजण आले, दुसऱ्या रविवारी पाच. गंगाबाईने घरोघर जाऊन टोमणे मारले, तेव्हा तिसऱ्या रविवारी यार्डातली पोरंसुद्धा आली. दीनानाथ पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलाची घमेली द्यायला उभे राहिले. काशिराम म्हणाला, "साहेब, ही पॅन्ट धुऊ नका, हिच्यात भात पेरा." त्याने स्वतः मात्र एकही रविवार चुकवला नाही. दीनानाथांनी अर्जही लिहिले. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला एक साहेब आले, बांधावरून चालले, घसरले आणि दगडी अस्तर मंजूर करून गेले.

गंगाबाईने जासईच्या मावशीकडून रत्याचं बियाणं आणलं. रता म्हणजे खाऱ्याला न भिणारा जुना लाल तांदूळ. शहाण्णवला शेत अर्धंच पिकलं, घरात विकतचा तांदूळ शिजला. सत्त्याण्णवला पाच तोंडांपुरतं भात घरात आलं.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बांध हातभर उंच झाला होता, आणि मी तोकडा पडलो होतो. अविनाश मिस्त्री आला. त्याने मला ठोकून पाहिलं. "साग अजून खणखणीत आहे. वर फळी जोडतो, चालेल दहा वर्षं."

"जोड, जोड," काशिराम म्हणाला. "बाचं दार हाय ते."

गंगाबाई माझ्यावर हात ठेवून उभी राहिली. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याला तोंड असतं तर बरं झालं असतं. मला ओरडून सांगायचं होतं, बाई, मायेने मला ठेवू नकोस! जोडाच्या फटीतून पाणी येतं. जुना माल म्हणून किती दिवस कौतुक कराल? दरया बघा, आणि त्याच्या मापाचं दार करा.

तिने हात काढून घेतला. "काढा याला. बाने आपल्या आजाचा दरया बगून दार केलं. आपन आपला बगून करू."

नवं दार आलं. अविनाशने ते टांगलं, तेव्हा ती म्हणाली, "वरच्या तुळईत, याच्याही वर अजून थोडी भोकं पाडून ठेव."

"कशाला? दार तर बसलं."

"आमच्या नातवंडांना याहून उंच दार वर टांगावं लागंल. त्यांना दगड फोडत बसायला नको."

हे अठ्ठ्याण्णव साल. मी आता बांधावर चार दगडांवर आडवा आहे. मोठ्या भरतीच्या दुपारी जोळीची पाळी असते, तेव्हा दोघं-तिघं माझ्यावर बसून पाणी बघतात, भांडतात, चहा सांडतात. बरं चाललंय माझं. माझी कीव करू नका.

एकच मागणं आहे. कधी या बाजूला आलात, तर नव्या दाराच्या वर बघा. तुळईत चार भोकं आहेत, अजून रिकामी. त्यात गवत भरू देऊ नका.