न चावणारी जोडी

आमचं मालक, धोंडीराम, कोल्हापुरातल्या पापाच्या तिकटीवरनं करकर वाजणारी नवी कापशी चप्पल घेऊन आलं. नवी कापशी पहिलं आठ दिवस चावतीच, चांगला गडी लंगडतोय. मालक तेलबी न लावता ती घालून बाजारभर हिंडलं. "चावलीच न्हाय! लोणी हाय लोणी!" म्हणून गल्लीभर सांगत सुटलं.

शुगर वाढल्यापासनं डॉक्टर बोंबलत हुतं, रोज तळपाय बघत जावा म्हणून. ह्यांनी कधी बघितलं न्हाय. मी बघाय गेली की पाय आखडून घ्यायचं. बायकूनं पायाला हात लावायचा तो पाया पडायला, म्हणं!

शेवटी घरात वास सुटला, तवा मी दांडगाईनं चप्पल काढली. अंगठ्याच्या पट्ट्याखाली हाड दिसत हुतं.

"अहो, दुखलं न्हाय?"

"न्हाय की."

दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढला. शुद्धीवर आल्यावर पहिलं बोलणं काय, तर "चप्पलवाल्याला बोल लावू नगंस, जोडी चांगली हुती."

माझं डोस्कं फिरलं. उरलेल्या पायाला मी नखं रुतवून चिमटा काढला. रक्त आलं.

मालक चपलेचंच कौतुक सांगत राहिलं.