चेहऱ्यावरून घडी

“बेलिफसाहेब, भिंत समोर, खळ डब्यात. फासा नि चला! मुहूर्त बघताय का?” फिफी करवादला.

एबो आन्सानं ब्रश खळीत बुडवला, पण हात पुढे होईना. फिफीनं वारलेल्या भावाच्या घरावर हक्क सांगून त्याच्या बायकोवर, आराबावर, दावा लावला होता. ती कुठं आहे ठाऊक नाही, शेवटचा पत्ता ही मासे धुरवायची शेड, असं त्यानं कोर्टात शपथेवर सांगितलं होतं. म्हणून समन्स इथं चिकटवायचा हुकूम झाला. सोमवारी ती आली नाही, तर एकतर्फी निकाल, घर गेलंच.

शेडमध्ये मात्र थंड राख होती आणि एक व्यालेली शेळी.

भिंतीवर आधीच एक कागद होता. आराबाच्या नवऱ्याच्या वर्षाच्या प्रार्थनेचं पत्रक, गेल्याच महिन्यातलं, मधोमध त्याचा मोठा फोटो. खाली छापलं होतं : ‘नंतर जेवण आराबाच्या माहेरी, मिठागराजवळ, शाळेमागे. निमंत्रक : फिफी.’ स्वतःचं नाव त्यानं सगळ्यांत ठसठशीत घातलं होतं.

आन्सा पाण्याचा हात लावून पत्रक सोडवू लागला.

“मेलेल्या माणसाचा कागद काढतोस? पाप लागेल!”

“आज शुक्रवार, भाऊ. माझा उपास असतो. खोटं प्रतिज्ञापत्र घशाखाली उतरायचं नाही.”

शाळेमागे आराबा आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, केंकेचे गोळे पानात बांधत होती. समन्स वाचून तिनं हातातला गोळा खाली ठेवला.

“दादा, मला कुणी एका अक्षरानं सांगितलं नाही हो!”

“म्हणून तर हातात द्यायला आलो. सही करा. आणि सोमवारी या, ताई, काही झालं तरी या.”

सोमवारी न्यायाधीशबाईंनी शपथपत्र आणि पत्रक शेजारी ठेवलं. “फिफी, पत्ता आठवत नव्हता, जेवण बरं आठवलं?”

कोर्टात खसखस पिकली. बाईंनी चिकटवण्याचा हुकूम रद्द केला, आराबाला उत्तर द्यायला महिना दिला आणि खोट्या शपथेबद्दल शिक्षा का करू नये, हे फिफीनं लेखी सांगावं, असं बजावलं. त्याची मान खाली गेली.

पत्रक पुरावा म्हणून ठेवायचं होतं. फाइलीत मावेना, म्हणून कारकून ते मधोमध दुमडू लागला.

आराबा पुढे झाली. “चेहऱ्यावरून घडी नका घालू हो.”

कारकुनानं कागद उलगडला, हातानं सारखा केला आणि फोटोतल्या गळपट्टीच्या खाली दुमडला.