गुलाबांच्या शेडमधला काळा फळा

मी एक जुना काळा फळा आहे. पण मित्रांनो, मी शाळा कधी पाहिली नाही. पाढे, कविता, शुद्धलेखन यांतलं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही. माझं सगळं आयुष्य गुलाबांच्या वासात गेलं.

कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्याला अतुलसाहेबांनी आपल्या माळावर पॉलिहाऊस उभारली, तेव्हाची ही गोष्ट. प्लास्टिकच्या त्या मोठमोठ्या घरांत गुलाब फुलायचे आणि शेजारच्या शेडमध्ये बायका ते निवडून, बांधून खोक्यात भरायच्या. रोज किती फुलं काढायची आणि किती निघाली, हे सगळ्यांना दिसावं म्हणून साहेबांनी सीताराम मिस्त्रींना फळा करायला सांगितला. मिस्त्रींनी मला कामशेतच्या बाजारात, आपल्या दुकानापुढच्या फुटपाथवर बनवलं. रंगाचे हात दिले, उन्हात वाळवलं आणि टेम्पोत घालून स्वतः शेडमध्ये आणून टांगलं. जाताना माझ्यावर हात फिरवून म्हणाले, "लय गुळगुळीत झालाय बगा. खडू नुसता पळंल."

माझ्यावर पहिलं अक्षर उमटलं ते बाजीराव मुकादमांचं. काय वळणदार अक्षर होतं! सकाळी ते डाव्या रकान्यात 'ठरले' लिहायचे आणि संध्याकाळी उजव्या रकान्यात 'झाले'. खाली कापणी करणाऱ्या प्रत्येकीचं नाव आणि तिचा आकडा. चैत्रातली एकवीरेच्या यात्रेची सुट्टी माझ्याच माथ्यावर लिहिली जायची आणि भीमजयंतीचीही. सकाळी शेडमध्ये पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे पाहायचा. मला मोठा अभिमान वाटायचा.

फक्त एक गोष्ट मला खुपायची. जिचा आकडा सगळ्यांत कमी, तिच्या नावाखाली मुकादम लाल खडूनं रेघ ओढायचे. ते काही वाईट मनाचे नव्हते. रेघ पाहून माणूस हात चालवतो, असं त्यांना मनापासून वाटायचं. पण ती रेघ बहुतेक वेळा वडिवळ्याच्या चिमाबाईंच्या नावाखाली असायची. चिमाबाईंना वाचता येत नव्हतं, लाल रंग मात्र ओळखता येत होता. डबा खाताना त्या नेहमी माझ्याकडे पाठ करून बसायच्या.

पुढे मुकादमांचं वय झालं. घरची भातशेती पाहायला ते गावी परतले आणि खडूची पेटी यशोधराच्या हाती आली. यशोधरा कार्ल्याची. निवडणीच्या टेबलावर काम करता करताच ती बारावी झाली होती. पहिल्याच दिवशी तिनं ओलं फडकं घेतलं आणि मला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसून काढलं. मग एकेकीचं नाव लिहिण्याऐवजी तिनं एकेका पॉलिहाऊसची ओळ आखली आणि 'ठरले', 'झाले' यांच्या शेजारी नवा रकाना काढला. त्यावर लिहिलं, 'काय अडलं?'

बायका हसल्या. कितीतरी दिवस तो रकाना कोराच राहिला.

मग जानेवारी आला. फेब्रुवारीतल्या प्रेमदिनासाठी परदेशी जायच्या गुलाबांची मोठी मागणी होती. त्या वर्षी थंडी अशी पडली, की कळ्या उमलायचं नाव घेईनात. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "यशोधरा, ही ऑर्डर चुकली तर व्यापारी पुढच्या वर्षी आपल्याकडे फिरकणार नाही," ते म्हणाले. इतर घरं कशीबशी पुढे सरकत होती, पण तिसऱ्या घराचं 'झाले' रोजच 'ठरले'च्या मागे. चिमाबाई त्याच घरात होत्या आणि त्यांचा गुडघा सुजला होता.

एका संध्याकाळी यशोधरा आकडे लिहीत होती, तेव्हा त्याच घरात कापणी करणारी सविता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ताई, राग मानू नका," ती म्हणाली, "पण मावशींमुळं आमचा आकडा मागं राहतो. आमी किती वढायचं?"

चिमाबाई दारातच होत्या. त्यांनी ऐकलं. त्या पुढे आल्या आणि आपली कात्री न् हातमोजे टेबलावर ठेवले.

"घे, पोरी. माज्यापायी कुनाचं नुकसान नगं. उद्यापासनं मी येत न्हाई."

सविता खाली पाहू लागली. यशोधरानं कात्रीला हात लावला नाही. तिनं खडू उचलला.

"मावशी, जरा बसा. सविता, माणूस सोड, काम सांग. तिसऱ्या घरात नेमकं अडतंय कुठं?"

सविता विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "खरं सांगू का? ते घर शेडपासनं लय लांब हाय. कापायला येळ लागत न्हाई, ताई. बादल्या वाहायलाच निम्मा दिस जातो."

"आन् दारात फुलं घ्यायला कुनीच नसतं," दुसरी म्हणाली. "समदं आपनच करायचं."

यशोधरा लिहीत गेली. तो कोरा रकाना पहिल्यांदाच भरला. लिहून झाल्यावर ती चिमाबाईंकडे वळली.

"मावशी, बसून फुलं निवडाल का? तिसऱ्या घराच्या दारात खुर्ची टाकते. पोरी आतून फुलं देतील. खालची पानं काढायची, लांबीप्रमाणं बादलीत लावायची. बादल्या न्यायला हातगाडी मागून घेते साहेबांकडून."

"बसून काम? लोक काय म्हनतील?"

"काय म्हनतील? मावशी दारात बसल्यात म्हनून आमचं चालनं वाचलं, असं म्हनतील," सविताच पुढे होऊन म्हणाली आणि तिनं कात्री चिमाबाईंच्या हातात परत दिली.

पहिले काही दिवस फारसा फरक पडला नाही. साहेब रोज यायचे, माझ्यावरचे आकडे बघायचे आणि परत जायचे. मग हळूहळू तिसऱ्या ओळीतलं अंतर कमी होऊ लागलं. ऊनही थोडं तापलं. शेवटचं खोकं गाडीत चढलं त्या संध्याकाळी सगळ्या ओळी पुऱ्या झाल्या होत्या. यशोधरानं तिसऱ्या ओळीपुढची खूण मुद्दाम बाकी ठेवली आणि खडू चिमाबाईंपुढे धरला.

"अगं, मला कुटं येतंय?"

"येतंय तसं करा."

चिमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा खडू धरला. त्यांनी काढलेली बरोबरची खूण चक्क उलटी निघाली. सगळी शेड खळखळून हसली आणि चिमाबाई सगळ्यांत जास्त हसल्या. ती खूण कितीतरी दिवस कुणी पुसली नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत सुंदर अक्षर.

आता शेडमध्ये भिंतीवर मोठा पडदा आहे. साहेबांची लेक मानसी शिकून आली, तिनं तो बसवला. त्यावर आकडे आपोआप बदलतात. ती गुणी मुलगी आहे आणि पडदाही चांगलाच आहे, त्याच्यावर माझा राग नाही. काळाप्रमाणे बदलायला हवंच. मी मात्र पंपाच्या खोलीत, पाइपांच्या मागे भिंतीला टेकून उभा असतो. जमीन कायम ओली. खालची कड फुगली आहे, रंगाचे पोपडे निघतात. चिमाबाई आता कामावर येत नाहीत. त्यांचं नाव या खोलीत कुणी घेत नाही.

परवा यशोधरा पाइप शोधायला आत आली. केस पांढरे झालेत तिचे. पाइप बाजूला सारता सारता मी दिसलो, तशी ती थबकली. पदरानं तिनं माझ्यावरची धूळ पुसली. लिहिलं काहीच नाही. थोडा वेळ नुसता हात टेकवून उभी राहिली. मग बाहेर जाऊन दोन विटा घेऊन आली, मला उचललं आणि त्या विटांवर कोरडं ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरात, कार्यालयात किंवा कारखान्यात माझ्यासारखं कुणी ओलीत उभं असेल. वस्तू असेल, नाही तर माणूसही असेल. त्याला पुन्हा भिंतीवर टांगायलाच हवं, असं माझं म्हणणं नाही. दोन विटा तेवढ्या सरकवा.