छटा हिरवट

रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं. पुरुषोत्तमराव देवस्थळींनी रिसीव्हर खाली ठेवला, लगेच उचलला आणि धर्मराजचा नंबर पाचव्यांदा फिरवला. मागच्या अंगणातल्या पॅटिओच्या उघड्या दारात सरलाबाई दोन ब्लाऊजपीस हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"उचलत नाही?"

"नाही."

"त्याची अंजना ड्यूटीवर गेली असेल. आणि हा गॅरेजमध्ये घासायचं मशीन लावून बसला असेल, तर त्याला फोन ऐकू कसा येणार?"

त्या मशीनचीच तर भीती होती.

पंधरा मिनिटांपूर्वीपर्यंत रविवार नेहमीसारखा चालला होता. आयसेलिनला राहणाऱ्या बहिणीने पाठवलेले ब्लाऊजपीस सरलाबाईंनी टेबलावर टाकले आणि मंडळाच्या गणपतीला नेसायच्या साडीवर कुठला जाईल म्हणून विचारलं. चहाचा घोट घेत पुरुषोत्तमराव म्हणाले, दोन्ही हिरवटच आहेत, कुठलाही घे. सरलाबाईंना आधी थट्टा वाटली. मग पुण्याच्या दुकानातून कापड घेऊन फुटपाथवर यायच्या तशा त्या दोन्ही तुकडे घेऊन बाहेर उन्हात आल्या आणि नवऱ्यालाही दंड धरून घेऊन आल्या.

"आता सांगा."

"तेच."

"अहो, हा पिस्ता आहे आणि हा आकाशी."

सरलाबाईंनी पिस्ता तुकड्याची घडी घातली आणि आकाशी वर धरला.

"काल धर्मराजची गाडी कशी दिसली हो तुम्हाला? ती तर अश्शी होती."

पुरुषोत्तमराव फोनकडे धावले ते तेव्हा.

खरं म्हणजे दिवाळीपासूनच त्यांना माहीत होतं. रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये बावीस वर्षं छटा जुळवणारा माणूस तो. दिवे पिवळे झालेत असं आधी वाटलं. मग दिवे बदलले तरी जग पिवळंच राहिलं, तेव्हा दोष आपल्या डोळ्यांत आहे हे ते समजले आणि मूग गिळून बसले. निवृत्तीला तीन वर्षं होती. लॅबमध्ये छटा मोजणारं यंत्र होतं, ते आकडे देई. ते आकडे वाचून ते मान डोलवत आणि लोक म्हणत, देवस्थळींची नजर म्हणजे काय विचारता! जुन्या गाड्यांच्या क्लबने त्यांना रंगाचे परीक्षक केलं ते याच नजरेच्या जोरावर, आणि कोलंबस शहराच्या आसपास या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. हा मान सोडवत नव्हता, दुसरं काही नाही.

शनिवारच्या प्रदर्शनात मैदानावर यंत्र नव्हतं.

धर्मराज गजभियेची गाडी सत्तर सालची अमेरिकन शेव्हल होती. नागपूरहून आलेला हा इंजिनिअर चार वर्षं तिच्यामागे होता. इंजिन उतरवून बसवलं, सीटा शिवल्या, ब्रेक नवे केले, पण रंगाला हात लावला नाही. एका शिक्षिकेने ती गॅरेजात झाकून जपली होती आणि कंपनीने दिलेला रंग सोळा वर्षांनंतरही अंगावर होता. असल्या दांडग्या गाडीला हा कसला म्हातारीचा रंग, लाल कर, वर काळे पट्टे ओढ, असं ज्याने त्याने सांगितलं. धर्मराज हसायचा आणि म्हणायचा, जो आहे तोच राहू दे.

मूळ रंगाच्या गाड्यांचा वेगळा वर्ग होता. त्यात शेव्हल उभी होती. पुरुषोत्तमरावांनी इंजिनामागच्या पत्र्याच्या पट्टीवरचा रंगाचा नंबर वाचला. फिकट निळा. मग दाराकडे पाहिलं. दार त्यांना हिरवट दिसलं. दुसरा परीक्षक डेल त्यांच्या कानाशी म्हणाला, मला तर बरोबर वाटतोय. त्या क्षणी थांबता आलं असतं. पण आजूबाजूला तीसेक माणसं होती आणि गाडी आपल्या माणसाची होती. एका हिंदुस्थानी माणसाने दुसऱ्याला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याच्या आडोशाने दुसरी, डोळ्यांची भीती गुपचूप निसटून गेली. कागदावर त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं : रंग मूळचा नाही, नंतर दिलेला, छटा हिरवट. मग तेच मोठ्याने वाचून दाखवलं.

धर्मराजने वाद घातला नाही. तो फक्त म्हणाला, "काका, त्या बाईंनी तर शपथेवर सांगितलं होतं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हणजे असेलच. उद्या सकाळीच घासून काढतो सगळा. बरोबर छटेत रंगवून महिनाअखेरच्या प्रदर्शनात नव्या रंगाच्या वर्गात आणतो."

"शाबास," असं म्हणाले होते ते. पाठ थोपटली होती.

आता सरलाबाईंनी ब्लाऊजपीस बाजूला ठेवले आणि गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

"मोतीबिंदू असेल हो. डोळा दुरुस्त होतो. तुम्ही आधी तिकडे जा."

कोलंबसजवळच्या डब्लिनहून धर्मराजच्या गावापर्यंत पाऊण तास लागतो. पुरुषोत्तमरावांनी इतक्या वर्षांत कधी वेगमर्यादा मोडली नव्हती, ती आज मोडली. कंपनीचा रंग गाडीवर एकदाच चढतो, घासला की गेला, मग जगातल्या कुठल्याही लॅबने जुळवून दिला तरी तो तो नव्हे. नवशिक्यांना हे ते स्वतः शिकवत आले होते. उशिरा उठला असेल, असं ते मोठ्याने म्हणाले. रविवार आहे, चहा पीत बसला असेल. पेट्रोल पंपावर उतरून त्यांनी पुन्हा फोन लावला, पुन्हा रिंग जात राहिली. रांगेतल्या बाईने विचारलं, आर यू ओके? तेव्हा त्यांना कळलं की आपण रिसीव्हर कपाळाला लावून उभे आहोत.

मशीनचा आवाज रस्त्यावरूनच ऐकू आला. बंद पडला, पुन्हा सुरू झाला. ते जवळजवळ धावत ड्राइव्हवे चढले.

गॅरेजचं दार वर होतं. बॉनेट, छप्पर, दोन्ही दारं उघडी पडली होती, कुठे रंगाखालचा राखाडी प्रायमर, कुठे नुसता पत्रा. मागच्या एका चाकावरचा भाग तेवढा शिल्लक होता. धर्मराज तोंडाला मास्क बांधून त्याच्यापाशी वाकला होता. त्याच्या भुवयांवर, हातांवर, जमिनीवर सगळीकडे भुकटी होती.

"थांब! धर्मराज, थांब!"

त्याने मशीन बंद केलं आणि मास्क खाली ओढला.

"काका? या ना. बसा. अंजना नाही घरी, चहा मीच करतो."

"चहा नको. थांब फक्त." त्यांना धाप लागली होती. "माझं चुकलं. रंग मूळचाच होता. मला... माझ्या डोळ्यांना निळं दिसत नाही. दिवाळीपासून. कुणाला सांगितलं नाही मी."

एवढं सांगायला पाऊण तास तयारी केली होती आणि अर्ध्या मिनिटात ते संपलं. धर्मराजला धक्का बसेल, तो ओरडेल, असं त्यांना वाटलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मूळचा होता ते मला माहीत आहे," धर्मराज म्हणाला.

"काय?"

"पहाटे पाचला सुरुवात केली. पहिल्या दारालाच कळलं. रंगाचा एकच कोट, खाली डायरेक्ट प्रायमर. नंतर कुणी रंगवली असती तर दोन थर निघाले असते."

"मग थांबला का नाहीस?" पुरुषोत्तमरावांचा आवाज चिरकला. "अरे, का नाही थांबलास?"

"थांबलो ना. त्या डब्यावर अर्धा तास बसलो. म्हटलं, आता हे दार कोणाला नेऊन दाखवू? फिरून फिरून तुमच्याकडेच यावं लागतं. तुमच्यावर इथे कोण आहे?"

"मला दाखवायचंस!"

धर्मराज मशीनचं टोक अंगठ्याने साफ करत राहिला.

"डिप्लोम्याला पहिला आलो होतो मी, काका. तेव्हा कॉलेजवाल्यांनी माझे पेपर पुन्हा तपासायला लावले होते. सगळे, एकूण एक. फार राग आला होता. पण त्यांनी निदान दोनदा बघितलं."

"मी क्लबला लिहून देतो. आजच. माझी चूक झाली म्हणून सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगा. मग लोक बघायला येतील, त्यांना काय दाखवू?"

पुरुषोत्तमराव गाडीपाशी गेले, गुडघे टेकून बसले आणि चाकावरच्या त्या उरलेल्या रंगावर त्यांनी दोन्ही हात पसरून ठेवले. पत्रा उन्हाने कोमट झाला होता. तळव्यांना रंग कंपनीचा लागावा तसा सलग, गुळगुळीत लागत होता, आणि काल हात नुसता फिरवला असता तरी आपल्याला कळलं असतं हे त्यांना आत्ता कळलं.

"हात काढा, काका."

"एवढा राहू दे."

"एवढा ठेवून बाकीची गाडी कशी रंगवू? जुळणार आहे का तो कधी?"

"नाही जुळणार. तरी राहू दे."

मशीनची वायर धर्मराजच्या पायाशी पडली होती, ती त्याने सोडवून बाजूला केली. पुरुषोत्तमरावांनी हात तिथेच ठेवून मान खाली घातली, डोळे अगदी जवळ नेले. हिरवट. इतक्या जवळून, इतक्या उन्हात, सगळं माहीत असूनही हिरवट. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"कसा आहे रे हा?" त्यांनी विचारलं. "मला सांग तरी. कसा आहे?"

धर्मराज त्यांच्याशेजारी वाकला. बाहीने त्याने त्यांच्या बोटांमधली भुकटी पुसली आणि बराच वेळ त्या रंगाकडे बघत राहिला.

"काल तुम्ही लिहिलात तसा," तो म्हणाला, आणि मास्क नाकावर चढवून त्यांचे हात निघायची वाट बघत उभा राहिला.