चर्चच्या जमिनीतले देशमुख

हमालांनी खताच्या पोत्यांची शेवटची थप्पी उचलली तशी भागम्मानं पदरानं नाक झाकून खाली पाहिलं. शिवप्रकाशनं, तिच्या मुलानं, बादलीभर पाणी ओतून खराटा फिरवला. पांढरट भुकटी वाहून गेली आणि काळी शिळा वर आली. तिच्यावर मोडीतली अक्षरं होती, वर छोटासा क्रूस.

"हीच ना, माय?"

"हीच."

भागम्मा गुडघ्यावर हात टेकत खाली बसली.

निजामाच्या काळात तिच्या नवऱ्याचे आजोबा चन्नबसप्पा या भागाचे देशमुख होते. पटकीच्या साथीत गाव रानात पळालं तेव्हा मिशनची एक बाई मागं राहिली आणि तिनं देशमुखांचा एकुलता मुलगा वाचवला. त्यांनी तिला हे चर्च बांधून दिलं आणि दर रविवारी मागच्या बाकावर येऊन बसू लागले. धर्म बदलला नाही. पण ते वारले तेव्हा लिंगायतांचा पुरोहित, जंगम, घरी फिरकला नाही. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवून माती देतात. पण चर्चमध्ये बसणाऱ्यासाठी समाजाच्या जागेत कुणी खड्डा खणू देईना. शेवटी पाद्री म्हणाला, तुमच्याच रीतीनं बसवा, पण इथं बसवा. पुढं त्यांची बायको इथंच आली, मुलगा आला, सून आली. भागम्माची पहिली मुलगी तान्ही गेली, तिला नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी इथं ठेवलं. काही वर्षांनी तोही लेकीजवळ आला. त्यानंतर चर्चमध्ये कुणी उरलं नाही. ख्रिस्ती घरं पोटापाण्यासाठी पांगली, इमारतीचं गोदाम झालं आणि आता ती मंगल कार्यालयासाठी विकली गेली होती.

"काकू, मी घाई करायलो न्हाई," नवा मालक बन्सीधर म्हणाला. त्यानं चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. "पण पाया खणायला मशीन येणार हाय. त्याच्या आत काय ते ठरवा."

दाराशी खुर्चीवर महालिंगप्पा बसले होते. लिंगायतांची दफनभूमी त्यांच्या देखरेखीखाली होती. शिवप्रकाश त्यांना ताडकळसहून गाडीवर बसवून घेऊन आला होता.

"मामा, यांची हाडं तिकडं आपल्या जागेत न्यावी म्हणतो."

महालिंगप्पांनी क्रूसाकडे पाहिलं.

"वाईट वाटून घेऊ नको, बाबा. माझ्या आज्यानं तवा न्हाई म्हणलं. आता मी हो म्हणलं तर त्यो चुकला असं व्हईल."

"परभणीच्या चर्चमधी बी जाऊन आलो. त्यांनी इचारलं, बाप्तिस्मा झालता का."

"मग?"

"न्हाई म्हणलं."

"शेतात न्यायचं मग."

"शेत कुठं राहिलंय, मामा?"

बन्सीधर घसा साफ करत पुढं आला.

"असू द्या की इथंच. मी बाजूबाजूनं खणतो, वरून फरशी टाकतो. कुणी हात लावणार न्हाई."

"वर काय येणार?" भागम्मानं विचारलं.

बन्सीधरनं मान खाली घातली. "जेवणाचा हॉल."

शिळेच्या कोपऱ्यात एक जागा कोरी होती. तान्ह्या लेकराचं नाव कुणी कोरत नाही. तिथल्या ओल्या दगडावर भागम्मानं तळहात ठेवला.

"असू द्या," ती म्हणाली. "तिला माणसं लय आवडायची."

महालिंगप्पांचा जीव भांड्यात पडला. उठताना ते मायेनं म्हणाले, "ताई, तुमचं तसं न्हाई बरं का. तुमचं म्हायेर आमच्यातलंच. तुमची जागा धरून ठिवलीय. काळजी करू नका."

भागम्मानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान डोलावली.

महालिंगप्पा बन्सीधरच्या मोटारीतून गेले. मायलेक मोटरसायकलवर घराकडे निघाले. कॅनॉलच्या पुलावर तिनं मुलाच्या पाठीवर थाप मारली.

"गाडी थांबव."

त्यानं थांबवली.

"मला त्यांच्यात बसवू नको."

"मग कुठं, माय?"

"जाळ."

तो वळून बघत राहिला. "आपल्यात जाळत न्हाईत."

"म्हाईत हाय मला. जाळ, आन राख गंगाखेडला गोदागंगेत सोड. मागं कायबी ठिवू नको. न्हाईतर उद्या तुझी लेकरं माझी हाडं घेऊन अशीच हिंडतील."

"असं बोलू नको, माय."

"हो म्हण."

ऊस भरलेला ट्रॅक्टर खडखडत शेजारून गेला. धुरळा खाली बसला तसा शिवप्रकाशनं गिअर टाकला. भागम्मा त्याच्या खांद्याला धरून हळूहळू खाली उतरली आणि पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

"बस ना, माय. ऊन लय हाय."

ती हलली नाही.

त्यानं गाडी बंद केली. हॅण्डलवर कपाळ टेकवलं. मग तोंड वर न करताच, एकदाच, मान हलवली.

भागम्मा पुन्हा मागं बसली.